एक दिवस मागे, साडेपाच तास पुढे: ॲपमधल्या तारखांबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न तारीख आणि वेळेचेच निघाले, म्हणून बाकीचे बाजूला ठेवून अख्खा कॉलम यालाच देऊन टाकतेय. वाचताना एक लक्षात असू द्या, इथे छापताना आकडे देवनागरीत येतात पण कोडमध्ये आणि सर्व्हरला पाठवताना ते इंग्रजीच हवेत, आणि हे किती महत्त्वाचं आहे ते हिंगण्याच्या भाऊंच्या प्रश्नात कळेलच.

ताई, एका दवाखान्यासाठी रिॲक्ट नेटिव्हमध्ये ॲप करून राहिलो. पेशंटची जन्मतारीख १५ ऑगस्ट टाकली की सेव्ह होते, पण परत उघडलं की १४ ऑगस्ट. सर्व्हरवाला म्हणते आमच्याकडे १४च आली, आमचा दोष नाही. हे काऊन होऊन राहिलं?
*एक वाचक, त्रिमूर्तीनगर*

भाऊ, सर्व्हरवाला खरं बोलतोय. लॉगमध्ये तुमच्या ॲपने पाठवलेली स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांच्या रूपातली तारीख, काढून बघा, तिच्या शेवटी १८:३०:०० आणि झेड असं काहीतरी नक्की दिसेल. हे १८:३० कुठेही दिसलं ना की समजून जा, कोणीतरी भारतातली मध्यरात्र यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत, बदलून पाठवलीय. तारीख निवडायच्या डब्यात तुम्ही १५ ऑगस्ट निवडता तेव्हा त्याचं डेट ऑब्जेक्ट होतं १५ ऑगस्ट, रात्री बारा, फोनच्या वेळेप्रमाणे. मग तारखेची स्ट्रिंग करणारं टूआयएसओस्ट्रिंग चालवलं की ते कायम यूटीसीत लिहितं, आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे झाली १४ तारखेची संध्याकाळ साडेसहा. सर्व्हरने पुढचा वेळेचा भाग कापून तारीख ठेवली, झालं, बाळ एक दिवस आधी जन्मलं.

आता लोक काय करतात, साडेपाच तास मिळवून टाकतात किंवा वेळ दुपारी बाराची करून पाठवतात. तसं करू नका. जन्मतारीख हा काही जगाच्या घड्याळावरचा एक क्षण नाहीच, ती कॅलेंडरवरची तारीख आहे, तिला वेळ नाही आणि टाइमझोनपण नाही. १५ ऑगस्टला जन्मलेला माणूस अमेरिकेत गेला म्हणून १४ ला वाढदिवस करत नाही. म्हणून ती पाठवायची फक्त वर्ष-महिना-दिवस अशी साधी स्ट्रिंग करून, २०१९-०८-१५ एवढीच, आणि डेटाबेसमध्येही कॉलम साधा डेट टाइपचा, वेळेसकट क्षण ठेवणारा टाइमस्टॅम्प नाही. स्ट्रिंग करताना गेटफुलइयर, गेटमंथ, गेटडेट हे तिन्ही वापरा, गेटमंथ शून्यापासून मोजतं म्हणून त्यात एक मिळवा आणि एक आकडी महिन्या-दिवसाला पुढे शून्य लावा.

याची उलटी बाजू जास्त वाईट आहे कारण ती नागपुरात बसून दिसतच नाही. जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख असलेली स्ट्रिंग, म्हणजे २०१९-०८-१५ अशी, न्यू डेटला दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते, आणि तीच स्ट्रिंग पुढे टी आणि ००:००:०० लावून दिली तर फोनच्या इथली मध्यरात्र. नियमच तसा आहे. आपल्याकडे यूटीसीची मध्यरात्र म्हणजे त्याच दिवशीची पहाट साडेपाच, तारीख बरोबर दिसते, तुम्ही खूश, टेस्टिंगवाला खूश, आणि न्यूयॉर्कमध्ये तेच ॲप उघडलं की तिथे आदल्या दिवशीची रात्र आठ असते. अँड्रॉइडच्या मटेरियल डेटपिकरचंही असंच, तो निवडलेल्या तारखेची यूटीसीमधली मध्यरात्र मिलिसेकंदात देतो, ती वाचताना यूटीसी धरूनच वाचायची, फोनचा झोन लावायचा नाही.

तुमचं ॲप दवाखान्याचं आहे म्हणून अजून एक सांगते. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धामुळे भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये हे नोंदलेलं आहे आणि चांगल्या लायब्ऱ्या ते पाळतात. त्यामुळे १९४३ साली जन्मलेल्या आजोबांची तारीख मध्यरात्रीचा क्षण म्हणून एका ठिकाणी डेटाबेसच्या नियमाने बदलली आणि दुसऱ्या ठिकाणी सरळ साडेपाच तास धरून वाचली, तर आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा वाजलेले दिसतील, म्हणजे पुन्हा एक दिवस गायब. सगळ्या तरुण पेशंटचं बरोबर आणि काही म्हाताऱ्या माणसांचंच चुकतं, असा बग शोधायला फार जीव जातो. नुसती तारीख ठेवली तर हा प्रश्नच येत नाही.

आमच्या डिलिव्हरीच्या अँड्रॉइड ॲपमध्ये ऑर्डरची वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. सर्व्हरवरून १०:०० आणि शेवटी झेड येतं, ॲपमध्ये सकाळचे दहाच दिसतात, ऑर्डर मात्र दुपारी साडेतीनची असते. सिनियर म्हणाले की पार्स केल्यावर, म्हणजे स्ट्रिंगमधून वेळ वाचून घेतल्यावर, १,९८,००,००० मिलिसेकंद मिळवून टाक. मिळवू का?
*आयटी पार्कमधून एक वाचक*

नको, प्लीज नको. आज बरोबर दिसेल, आणि ज्या दिवशी कोणी दुबईत ते ॲप उघडेल, किंवा सर्व्हरवाले स्ट्रिंगच्या शेवटी झेडऐवजी +०५:३० पाठवायला लागतील, त्या दिवशी परत सगळं हलेल, आणि तोपर्यंत तो मिळवलेला आकडा कोणत्या फाइलमध्ये आहे हे कोणाला आठवणार नाही.

तुमचा सिम्पलडेटफॉरमॅटचा, म्हणजे तारीख वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या जुन्या फॉरमॅटरचा, पॅटर्न बघा. टीच्या भोवती सिंगल कोट असतात तसेच झेडच्या भोवतीही टाकलेले असणार. कोटात टाकलं की पार्सरला ते नुसतं एक अक्षर वाटतं, असलंच पाहिजे पण अर्थ काही नाही. पण त्या झेडचा अर्थच हा आहे की ही वेळ यूटीसीची आहे. अर्थ फेकून दिला म्हणून पार्सरने फोनचा झोन धरला आणि यूटीसीचे दहा नागपूरचे दहा झाले. हा पॅटर्न इतक्या ठिकाणी कॉपी-पेस्ट झालाय की मला येणाऱ्या प्रश्नांत तो सारखा भेटतो.

सरळ रस्ता म्हणजे जावा टाइमवर या. ऑफसेटडेटटाइमचं पार्स वापरा, त्याला झेडही कळतं आणि +०५:३० पण कळतं, त्यातून इन्स्टंट काढा, तोच ॲपभर फिरवा, आणि स्क्रीनवर दाखवायच्या क्षणी झोनआयडी सिस्टम डिफॉल्ट लावून फॉरमॅट करा. अँड्रॉइड ८ म्हणजे एपीआय २६ पासून हे फोनमध्येच आहे, त्याच्या खालच्या फोनसाठी ग्रेडलमध्ये डीशुगरिंग, म्हणजे हे नवं जुन्या फोनवर चालवायची सोय, चालू करा. जुना कोड बदलताच येत नसेल तर निदान त्या सिम्पलडेटफॉरमॅटला पार्सिंगपुरता यूटीसी झोन सेट करा, किंवा कोटातल्या झेडच्या जागी तीनदा कॅपिटल एक्स लिहा, हे एपीआय २४ पासून चालतं.

त्याच कोडमध्ये अजून दोन गोष्टी तपासा. सर्व्हर सेकंदाच्या पुढे सहा आकडे पाठवतो का? पायथनवाले बहुतेक पाठवतात, ते मायक्रोसेकंद असतात, आणि सिम्पलडेटफॉरमॅटचे तीन कॅपिटल एस ते सगळे मिलिसेकंद म्हणून वाचतात. म्हणजे .१२३४५६ आलं की वेळ दोन मिनिटं तीन सेकंद पुढे सरकते, एरर नाही, क्रॅश नाही, कोणाला कळतही नाही. दुसरं, तो फॉरमॅटर एकदाच बनवून स्टॅटिक ठेवलाय आणि सगळे थ्रेड तोच वापरून राहिलेत असं असेल तर काढा, तो थ्रेडसेफ नाही, गर्दीच्या वेळी एका ऑर्डरची तारीख दुसरीला लागते.

ताई, आमच्या गावाकडच्या काही युजरचा फॉर्म सबमिटच होत नाही, सर्व्हर म्हणतो तारीख चुकीची. माझ्या फोनवर, ऑफिसातल्या सगळ्यांच्या फोनवर बरोबर चालते. शेवटी एक जण फोन घेऊन आला तेव्हा समजलं की त्याच्या फोनची भाषा मराठी आहे. भाषेचा आणि तारखेचा काय संबंध?
*हिंगण्याहून एक वाचक*

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मला खरंच बरं वाटलं, कारण तुम्ही त्या माणसाचा फोन हातात घेऊन बघितला. कितीतरी ठिकाणी अशा युजरला फोन इंग्रजीत करून घ्या म्हणून सांगतात आणि विषय संपवतात.

संबंध असा. फॉरमॅटर बनवताना भाषा सांगितली नाही तर तो फोनची भाषा उचलतो. मराठीसाठी ठरलेले आकडे देवनागरी आहेत, हिंदीसाठी मात्र इंग्रजी, त्यामुळे हिंदी फोनवर चालेल आणि मराठीवर अडेल, असंही होतं. तुमच्या ॲपने त्या फोनवर तारीख बनवली, ती देवनागरी आकड्यांत बनली, सर्व्हरला इंग्रजी आकडे हवे होते. महिन्याचं नाव असेल तर तेही मराठीत येतं, आणि उलट सर्व्हरवरून आलेलं इंग्रजी महिन्याचं नाव मराठी फोनवर पार्सच होत नाही. नुसती तारीखच नाही, स्ट्रिंग डॉट फॉरमॅटने तुम्ही वर्ष-महिना-दिवस जोडत असाल तरी तिथेही हेच होतं, आणि ती जागा शोधताना लोक हमखास विसरतात.

म्हणून यंत्राने वाचायची स्ट्रिंग वेगळी आणि माणसाने वाचायची वेगळी, दोन वेगळे फॉरमॅटर, दोन वेगळ्या फाइलीत ठेवले तरी चालेल. सर्व्हरसाठीच्या फॉरमॅटरला लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाचं सेटिंग, रूट किंवा यूएस द्यायचं, आयफोनवर ईएन-यूएस-पॉसिक्स, फ्लटरमध्ये डेटफॉरमॅटला ईएन-यूएस. आयफोनवर तर हे भाषा इंग्रजी असली तरी लागतं, कारण युजरने सेटिंगमध्ये बारा तासांचं घड्याळ चोवीस तासांचं केलं किंवा उलट केलं की फॉरमॅटर तुमच्या पॅटर्नपेक्षा त्या सेटिंगला जास्त मानतो. आणि आयफोनमध्ये बुद्धिस्ट कॅलेंडर निवडायची सोय आहे, आपल्या नागपुरात कोणी ते निवडलं तर नवल नाही, तेव्हा २०२६ च्या जागी २५६९ साल सर्व्हरला जाईल. पॉसिक्स लोकेल लावलं की हे सगळं थांबतं.

पण स्क्रीनवर मात्र देवनागरी आकडे आणि मराठी महिने तसेच राहू द्या, हे मी मनापासून सांगते. बग मिटवायच्या घाईत अख्ख्या ॲपचं लोकेल इंग्रजी करून टाकतात आणि मग ज्या शेतकऱ्याने मुद्दाम फोन मराठीत ठेवलाय त्याला मंडईची तारीख इंग्रजीत वाचावी लागते. त्याने फोन मराठीत ठेवला यात त्याचं काहीच चुकलेलं नाही, त्याची तारीख त्याला त्याच्या अक्षरातच दिसली पाहिजे.

मी निवृत्त माणूस, कोड वगैरे कळत नाही. १ एप्रिलला रात्री पावणेदोनला झोप येत नव्हती म्हणून मोबाइलवरून एक बिल भरलं. ॲपच्या पावतीवर ३१ मार्च, बँकेच्या मेसेजमध्ये १ एप्रिल. मी हिशोबाची वही ठेवतो, आता हे कोणत्या वर्षात लिहू?
*लक्ष्मीनगरहून एक ज्येष्ठ वाचक*

काका, वहीत १ एप्रिलच लिहा, बँकेचा मेसेज बरोबर आहे आणि पैसे कुठे अडकलेले नाहीत. त्या ॲपचा सर्व्हर सगळ्या वेळा यूटीसीत ठेवतो, आणि ते ठीकच आहे, पण पावती बनवताना त्यांनी आपल्या वेळेत बदलायच्या आधीच तारीख कापून घेतली. आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीची तारीख अजून आदल्या दिवसाचीच असते, त्यामुळे या साडेपाच तासांत केलेला कोणताही व्यवहार असा एक दिवस मागे दिसू शकतो. एरवी लक्षात येत नाही, ३१ मार्चच्या रात्री मात्र आर्थिक वर्षच बदलतं. ॲपच्या तक्रार विभागाला दोन्हीचे स्क्रीनशॉट पाठवा.

जे वाचक असे रिपोर्ट बनवतात त्यांच्यासाठी एवढंच, डेटाबेसमध्ये आधी एशिया/कोलकाता झोनमध्ये बदला आणि मग तारीख काढा, क्रम उलटा झाला की काकांसारख्या नीट वही ठेवणाऱ्या माणसाला स्वतःवर शंका घ्यावी लागते.

मिहानमध्ये काम करते. आमचे क्लायंट न्यूयॉर्कचे, दर मंगळवारी त्यांच्या सकाळी नऊला मीटिंग. आम्हीच बनवलेल्या ॲपमध्ये ती मीटिंग यूटीसीत सेव्ह केलीय, सगळीकडे हेच वाचलं होतं की कायम यूटीसीत ठेवा. तरी नोव्हेंबर आला की ती एक तास चुकते. मग यूटीसी चुकीचं का?
*एक वाचक, मनीषनगर*

यूटीसी चुकीचं नाही ताई, पण कायम यूटीसीत ठेवा हा सल्ला अर्धाच आहे आणि तो इतक्यांदा सांगितला जातो की पुढचा अर्धा कोणाला ऐकूच येत नाही.

झालं काय ते आधी बघू. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्यामुळे उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. तुम्ही उन्हाळ्यात मीटिंग सेव्ह केली तेव्हा यूटीसी झाली १३:००, ती तशीच राहिली, आणि नोव्हेंबरात तेच १३:०० म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे आठ. क्लायंट अजून ऑफिसलाही पोचले नसतील आणि तुमची सगळी टीम कॉलवर बसलेली.

जे होऊन गेलं, ऑर्डर आली, पेमेंट झालं, मेसेज पाठवला, ते सगळं यूटीसीत ठेवा, डोळे झाकून ठेवा. पण जे पुढे व्हायचं आहे आणि कोण्या एका ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे ठरलं आहे, ते त्या ठिकाणच्या वेळेतच ठेवायचं, म्हणजे मंगळवार, ०९:००, आणि सोबत वेगळ्या कॉलममध्ये झोनचं नाव अमेरिका/न्यूयॉर्क. पुढच्या प्रत्येक मंगळवारचा यूटीसी क्षण त्यावरून त्या त्या वेळी काढायचा. लग्नपत्रिका हातात घेऊन बघा ना, मुहूर्त सायंकाळी ६ वाजून ३० मिनिटं, खाली कार्यालयाचा पत्ता, बस. न्यू जर्सीतला भाऊ व्हिडिओवर बसणार असेल तर त्याच्याकडे किती वाजतील ते त्याचं ॲप काढून देईल, पण मुहूर्त ठरला तो इथल्या घड्याळावर.

झोनचं नाव म्हटलं, ऑफसेट म्हणजे यूटीसीपासूनचं तासांचं अंतर नाही, हे परत सांगते. -०५:०० लिहून ठेवलं तर उन्हाळ्यात चुकणार, -०४:०० लिहिलं तर हिवाळ्यात. आणि पोस्टग्रेसमध्ये टाइमस्टॅम्प विथ टाइमझोन असा टाइप आहे म्हणून झोन आपोआप सेव्ह होतो असं खूप जणांना वाटतं, तो होत नाही, क्षण यूटीसीत बदलून ठेवला जातो आणि झोन विसरला जातो, म्हणून वेगळा कॉलम लागतोच.

देश नियमही बदलतात. मेक्सिकोने २०२२ च्या ऑक्टोबरअखेर बहुतेक देशातून घड्याळ पुढेमागे करणं बंद केलं, इजिप्तने २०२३ मध्ये परत चालू केलं. स्थानिक वेळ आणि झोनचं नाव ठेवलं असेल तर झोनचा डेटा अपडेट झाला की तुमची मीटिंग आपोआप बरोबर येते. युरोपवाले मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे दरवर्षी काही आठवडे असे येतात की न्यूयॉर्क आणि लंडनमधलं नेहमीचं अंतरही बदललेलं असतं, तीन गावांची मीटिंग असेल तर तेव्हा जरा जास्त जपा.

सेटिंगच्या यादीत मुंबई नाही, दिल्ली नाही, नागपूर तर नाहीच, फक्त कोलकाता. देशाच्या मधोमध आम्ही आणि टाइमझोन कोलकात्याचा? आणि नुसतं आयएसटी लिहिलं तर काय बिघडतं?
*इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, अंबाझरी*

छान प्रश्न विचारलास. ही यादी येते आयाना टाइमझोन डेटाबेसमधून, तुझ्या फोनपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत बहुतेक सगळीकडे हाच वापरतात. त्यांचा नियम असा की १९७० पासून ज्या भागातली घड्याळं सारखीच चालली त्या सगळ्या भागाला एक नाव, आणि ते साधारणपणे तिथल्या सगळ्यात मोठ्या शहराचं. यादीतलं भारताचं नाव आधी कॅलकटा होतं, मग कोलकाता झालं. जुनं नाव अजून चालतं, आणि काही ब्राउझर फोनचा झोन विचारला की अजूनही एशिया/कॅलकटा असंच उत्तर देतात, म्हणून कोडमध्ये झोनच्या नावाची स्ट्रिंग एशिया/कोलकाताशी ताडून बघत असशील तर तिथे फसशील.

आपली प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची, साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. नागपूर साधारण ७९ अंशावर, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने आपण घड्याळापेक्षा तेरा-चौदा मिनिटं मागे. त्याआधी मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर. मद्रासची वेळ आजच्या हिशेबाने यूटीसीच्या ५ तास २१ मिनिटं १० सेकंद पुढे होती, आणि हे १० सेकंदही त्या डेटाबेसमध्ये आहेत, १९०६ च्या आधीची तारीख टाकून बघ, गंमत वाटेल.

आयएसटीचं उत्तर छोटं आहे, आयर्लंड आणि इस्रायल हे दोघंही त्यांच्या स्वतःच्या वेळेला आयएसटीच म्हणतात. कोणत्या लायब्ररीने कोणता अर्थ लावला ते तुझ्या हातात राहत नाही. स्क्रीनवर दाखवायला लिही, पार्स करायला कधीच नाही.

थोडक्यात उत्तरं

*तारखेत महिना ४६ दिसतो, १५/४६/२०२५ असा (इतवारी).* पॅटर्नमध्ये स्मॉल एम लिहिलाय, तो मिनिटांचा, महिन्याला कॅपिटल एम. तसंच स्मॉल एच बारा तासांचा, कॅपिटल एच चोवीसचा, आणि स्मॉल एच लिहून एएम-पीएम नाही टाकलं तर दुपारचे तीन आणि पहाटेचे तीन एकच दिसतात.

*बिलाचं ॲप वर्षभर बरोबर चाललं आणि ३१ डिसेंबर २०२४ च्या बिलावर ३१ डिसेंबर २०२५ छापून आलं (सदर).* वर्षासाठी कॅपिटल वाय वापरलाय. तो आठवड्याच्या हिशेबाचं वर्ष देतो, आणि डिसेंबरचे शेवटचे दिवस पुढच्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात धरले जातात. स्मॉल वाय करा. बाकी ३६० दिवस हा दिसत नाही म्हणून आजच सगळ्या कोडमध्ये शोधा, जानेवारीची वाट बघू नका.

*सगळ्या तारखा २१ जानेवारी १९७० दिसतात (काटोल).* सर्व्हर सेकंद देतोय, तुम्ही मिलिसेकंद समजून वाचताय, हजारने गुणा. दहा आकडे असले तर सेकंद, तेरा असले तर मिलिसेकंद, हल्लीच्या तारखांसाठी एवढी ओळख पुरते. आणि १ जानेवारी १९७०, सकाळचे साडेपाच असं दिसलं तर तारीख आलेलीच नाही, शून्य आलंय, तिथे रिकामी जागा दाखवा. गुणताना लाँग वापरा, ३२ बिटच्या इंटमध्ये मिलिसेकंद मावत नाहीत. सेकंदही १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८:४४:०७ पर्यंतच मावतात, आणि आज वीस वर्षांचं होमलोन घेणाऱ्याचा शेवटचा हप्ता त्याच्या पुढेच पडतो.

*फ्लटरमध्ये टूआयएसओएटसिक्सझिरोवन स्ट्रिंग केलं तरी सर्व्हरला वेळ साडेपाच तास पुढे जाते (प्रतापनगर).* डेटटाइम लोकल असेल तर डार्ट ती स्ट्रिंग ऑफसेटशिवाय लिहितं, शेवटी ना झेड ना +०५:३०, मग सर्व्हर तिला यूटीसी समजतो. आधी टूयूटीसी करा, मग स्ट्रिंग. येताना उलट, पार्स केल्यावर टूलोकल केल्याशिवाय स्क्रीनवर दाखवू नका. आणि फोनचा झोन सोडून तिसऱ्याच गावाची वेळ दाखवायची असेल तर डार्टच्या डेटटाइमला ते जमत नाही, टाइमझोन नावाचं पॅकेज लागेल.

मी टेस्टिंगला आहे. हे सगळं पकडायचं तर फोनमध्ये नेमकं काय काय बदलून बघू?
*एक वाचक, वाडी*

फोन न्यूयॉर्कच्या झोनला लावा आणि सगळे तारखेचे फॉर्म भरा, जन्मतारखेचे बग इथेच बाहेर येतात. मग काठमांडू लावा, नेपाळ यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे आहे, कोणी कोडमध्ये साडेपाच चिकटवले असतील तर पंधरा मिनिटांचा फरक लगेच डोळ्यात भरतो. झोन परत भारताचा करा पण घड्याळ रात्री दोनला आणा, एकदा १ एप्रिलला आणि एकदा ३१ डिसेंबरला, आणि प्रत्येक वेळी यादी, पावती आणि रिपोर्ट तिन्हीवरची तारीख एकच येते का बघा. फोनची भाषा मराठी करून हेच सगळं परत एकदा, त्यात घाई करू नका, स्क्रीनवर आकडे देवनागरी आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये इंग्रजी असं दोन्हीकडे स्वतः जाऊन तपासा. आयफोन असेल तर बारा-चोवीस तासांचं सेटिंग दोन्ही बाजूंनी फिरवा. बग लिहून देताना फोनचा झोन, फोनची भाषा आणि सर्व्हरला गेलेली मूळ स्ट्रिंग या तीन गोष्टी दर वेळी जोडा, डेव्हलपरचा अर्धा दिवस वाचतो.